दीड वर्षाच्या लेकीसाठी सेंद्रिय भाजी सुरू करावी का? (नाशिक)

गोदाकाठची · ६ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. घरात चार माणसं: मी, नवरा, बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि दीड वर्षाची लेक. राहायला गंगापूर रोडला. लेक आता आमच्या ताटातलं खायला लागली आहे आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा वळवळतोय. परवा कॉलेज रोडच्या एका दुकानात सेंद्रिय टोमॅटो ऐंशी रुपये किलो होते. पायरी उतरले तर समोर हातगाडीवर तीस. मेथीची जुडी गाडीवर वीसला, दुकानात पन्नासला, आणि पन्नासवाली निम्म्या आकाराची.

हिशेब मांडला. सध्या भाजी-फळांना महिन्याला साडेतीन हजार जातात. सगळं सेंद्रिय केलं तर आठाच्या पुढे. नवरा म्हणतो ही पैसेवाल्यांची थेरं आहेत. सासूबाई म्हणतात, आम्ही कुठं बघितलं होतं सेंद्रिय-बिंद्रिय, नीट धुऊन खा म्हणजे झालं.

‘सेंद्रिय चांगलं असतं हो’ असली उत्तरं नकोत, ती घरबसल्या मिळतात. कोणी खरंच घेतंय का, काय घेतलं आणि काय सोडून दिलं, ते सांगा.

बटाटेवडा_पंचवटी · ६ ऑक्टोबर, रात्री ११.०५

+१. आमच्याकडेही हाच वाद, फक्त बाजू उलट्या. आईला सेंद्रिय हवं, बायको म्हणते धुऊन खा. मी पिशवी धरतो.

खवचट_खान्देशी · ७ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

मी वर्षभर घेतलं, मग बंद केलं. पाहुण्यांना पहाटेच्या गाडीला सोडून येताना मार्केट यार्डाजवळ चहाला थांबलो, तर आमच्या लाडक्या सेंद्रिय दुकानाचा पोरगा तिथं टेम्पोत माल भरत होता. पाच जाळ्या टोमॅटो, दोन गोण्या फ्लॉवर. दुपारी मुद्दाम दुकानात डोकावलो. तोच फ्लॉवर, आता हिरव्या कागदी पट्टीत. भाव अडीचपट. मला बघून पोरगा असा काही हसला की मीच शरमलो.

दुकानाचं नाव विचारू नका. सगळे तसेच असतात असंही म्हणत नाही. पण वर्षभर मी त्या पट्टीचेच पैसे भरत होतो की काय, हा विचार काही जात नाही.

लॅबवाली · ७ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

खवचटराव, म्हणून पट्टी बघायची नाही, खूण बघायची. ‘जैविक भारत’ असं चिन्ह असतं, एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं. त्यांच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे दुकानात ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचं तर मागे दोनपैकी एक प्रमाणपत्र लागतं. एक एनपीओपी, यात बाहेरची संस्था शेत तपासते आणि निर्यातीलाही हेच चालतं. दुसरं पीजीएस, यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. रसायनं बंद केली की दुसऱ्या दिवशी शेत सेंद्रिय होत नाही. हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं थांबावं लागतं. त्या मधल्या काळातला माल पीजीएसमध्ये ‘ग्रीन’ म्हणून विकला जातो. ‘ग्रीन’ वाचून ‘ऑरगॅनिक’ समजू नका, ते वेगळं लिहिलेलं असतं.

आणि एक मेख. छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट गिऱ्हाईकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्यामुळे बाजारात बसलेल्या मावशीकडे कागद नाही म्हणजे ती खोटं बोलते असं होत नाही. दुकानदाराला मात्र ही सवलत नाही. त्याच्याकडे बेलाशक कागद मागायचा.

परदेशी_पाटील · ७ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

इकडे अमेरिकेत दरवर्षी बारा फळं-भाज्यांची यादी निघते, ज्यांच्यावर फवारणीची औषधं सर्वात जास्त सापडतात. स्ट्रॉबेरी, पालक नेहमी वरच्या नंबरांत. दुसरी यादी कमी औषधवाल्यांची. त्यात कांदा, अननस, मका, ॲव्होकाडो. आम्ही पहिल्या यादीतलं सेंद्रिय घेतो, बाकी साधं. इतकं सोपं आहे.

आजीचा_बटवा · ७ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

पाटीलसाहेब, यादी तुमच्या दुकानांतल्या मालाची. आमच्या मेथीला, गवारीला, कढीपत्त्याला ती काय ओळखणार? अॅव्होकाडो साधं घ्या म्हणे. घेते हो, उद्याच भाजीवाल्या दादांना सांगते.

परदेशी_पाटील · ७ ऑक्टोबर, दुपारी १२.२५

😀 मान्य. पण कल्पना तरी घ्या: सरसकट नाही, निवडून.

लॅबवाली · ७ ऑक्टोबर, दुपारी ३.००

कल्पना बरोबरच आहे. आपल्याकडचे आकडेही आहेत, फक्त कोणी वाचत नाही. केंद्र सरकारच्या तपासणीत २०१४-१५ साली देशभरातून २०,६१८ नमुने घेतले होते. नुसती भाजी-फळं नव्हेत, दूध, धान्य, मसालेसुद्धा. १८.७ टक्के नमुन्यांत औषधांचे अंश सापडले, ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर होते २.६ टक्के. म्हणजे ताटात विषच वाढलंय असं काही नाही. पण मला खुपतो तो तिसरा आकडा: १२.५ टक्क्यांत अशी औषधं होती ज्यांना त्या पिकावर मंजुरीच नव्हती. कापसाचं औषध भाजीवर, असा प्रकार. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी २००५ पासून बंदी होती, तरी ते पुढे कित्येक वर्षं भाजीत सापडत राहिलं.

आता सासूबाईंचं ‘नीट धुऊन खा’. त्या अर्ध्या बरोबर आहेत. काही औषधं स्पर्शजन्य असतात, पानावर-सालीवर बसतात. ती धुण्याने बरीच जातात. काही आंतरप्रवाही असतात, झाडाच्या रसातच उतरतात. ती कितीही धुवा, निघत नाहीत. फवारणीनंतर दिवस जाऊ दिले तरच कमी होतात. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. खायच्या सोड्याच्या एक टक्का पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं एक औषध ८० टक्के आणि दुसरं ९६ टक्के निघालं, साध्या पाण्यापेक्षा बरंच जास्त. सालीच्या आत मुरलेलं मात्र राहिलंच. घरी करायचं तर लिटरभर पाण्याला १० ग्रॅम सोडा, मग वाहत्या पाण्याखाली खळखळून धुणे. बाजारात ‘भाजी धुण्याचं लिक्विड’ म्हणून बाटल्या मिळतात, मी घेत नाही.

बालरोग_नाशिकरोड · ७ ऑक्टोबर, रात्री ९.४५

लहान मुलांत काम करते म्हणून दोन शब्द. सेंद्रियमध्ये औषधांचे अंश कमी असतात, यावर फारसा वाद नाही. जीवनसत्त्वं जास्त असतात का, यावर आहे. स्टॅनफर्डच्या २०१२ च्या मोठ्या आढाव्यात पोषणात ठोस फरक दिसला नाही. न्यूकॅसलच्या २०१४ च्या आढाव्यात अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी दिसला. तेव्हा पोषणासाठी म्हणून दुप्पट पैसे टाकू नका.

माझ्याकडे येणाऱ्या घरांत वेगळंच दिसतं. सेंद्रिय महाग म्हणून भाजीच कमी आणली जाते. मोठ्या माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्यातली किती घरं तिथवर पोचतात? साडेतीन हजारात जेवढी येते तेवढी भाजी कमी होणार असेल, तर साधीच आणा आणि भरपूर आणा.

अवांतर, पण राहवत नाही. दोन-तीन महिन्यांत द्राक्षं येतील. दीड वर्षाच्या बाळाला अख्खं द्राक्ष देऊ नका, सेंद्रिय असो की नसो. घशात अडकतं. उभी चिरून चार फाका करून द्या. औषधाच्या अंशांची काळजी करणारे आई-बाप अख्खं द्राक्ष बाळाच्या हातात देतात तेव्हा माझा जीव वर-खाली होतो.

गोदाकाठची · ७ ऑक्टोबर, रात्री १०.२०

बापरे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.

आजीचा_बटवा · ८ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार विसरलात का सगळे? मी चाळीस वर्षं जाते. पावसाळ्यात पेठ-हरसूलकडच्या बायका कर्टुली, कुरडू, शेवळं, फोडशी घेऊन बसतात. ते रानातलं, त्याला कोण फवारायला जातंय? तुमच्या दुकानात आहे का असलं सेंद्रिय? फक्त शेवळं करताना काकडं (ती रानातली आंबट फळं) टाकायला विसरू नका, नाहीतर घसा खाजेल आणि मला शिव्या द्याल.

बाकी बाजारातलं सगळं तसं नसतं हेही खरं. यार्डातून आणून तिथं बसणारेही आहेत. ओळख करून घ्यावी लागते. ‘मावशी, शेत कुठलं?’ विचारलं की खरा माणूस गावासकट पाण्याच्या पाळीपर्यंत सांगत बसतो.

निफाडकर · ९ ऑक्टोबर, रात्री १०.५५

छाटणी चालू आहे म्हणून उशीर. निफाड तालुक्यात साडेचार एकर द्राक्षबाग आहे, चौदा वर्षं निर्यात करतो. दोन गोष्टी सांगतो. दोन्ही ऐकून राग येईल.

पहिली. निर्यातीच्या प्लॉटवर काय मारलं, कधी मारलं, किती मारलं, सगळं वहीत लिहावं लागतं. प्लॉटची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर नोंद. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन घड तोडून नेतो, रेसिड्यू म्हणजे औषधाचे अंश तपासतात, पास झालं तरच कात्री लावायची. हे आम्ही हौसेनं नाही शिकलो. २०१० ला युरोपनं आपल्या द्राक्षात सीसीसी पकडलं. वेलीची फाजील वाढ रोखायला मारायचे ते. कंटेनर तिकडच्या बंदरात अडकले, इकडं बागेत माल तसाच लटकलेला. त्या सालानं कित्येकांची कंबर मोडली. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी त्याआधीही होती, पण तेव्हापासून ती पोथीसारखी वाचतो. कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, सगळं तिच्यात आहे.

माझी द्राक्षं सेंद्रिय नाहीत. अजिबात नाहीत. आता छाटणीनंतर पाऊस आला तर डाऊनी रोगासाठी रात्री-बेरात्री ट्रॅक्टर काढावा लागतो. पण परदेशातल्या पोराच्या हातात जाणारा माझा घड तुमच्या पट्टीवाल्या फ्लॉवरपेक्षा जास्त तपासलेला आहे.

दुसरी. आमच्या घरची भाजी वेगळ्या वाफ्यात असते. दोन गुंठे. त्याला औषध नाही. निंबोळी अर्क, वासाने किडे पकडणारे कामगंध सापळे, बास.

गोदाकाठची · ९ ऑक्टोबर, रात्री ११.१०

दादा, राग नाही आला, पण पोटात खड्डा पडला. म्हणजे तुमच्या मुलांना वेगळं आणि माझ्या लेकीला वेगळं?

खवचट_खान्देशी · ९ ऑक्टोबर, रात्री ११.१४

लागलं की नाही? आता द्या उत्तर, भाऊ.

निफाडकर · १० ऑक्टोबर, पहाटे ५.२०

हो ताई. खोटं कशाला बोलू.

मी आता भाजी विकायला लावत नाही, पण आधी लावायचो, भाऊ अजून लावतो. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. काकडी, वांगी, टोमॅटो तीन-चार दिवसांनी. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, फवारल्यावर इतके दिवस तोडू नका. कुठं तीन, कुठं पाच, कुठं सात. सात दिवस थांबलं की भेंडी जून होते, ती जनावरांना घालायची. मग माणूस काय करतो? आज मारतो, परवा तोडतो. सगळे करत नाहीत, पण करतात. कांद्याला, भोपळ्याला, बटाट्याला हा घोळ नाही, काढणी एकदाच किंवा लांब-लांब. म्हणून घेताना एवढं बघा: जे रोज-एकाआड तोडतात आणि सालीसकट खातात ते निवडून घ्या. बाकी साधं घेतलं तरी चालतंय.

आणि मारतो कशाला ते पण ऐका. वांग्याला एक भोक दिसलं की तुम्ही ते परत टोपलीत टाकता. आजवर किती टाकलीत आठवा. व्यापारी जाळीत चार किडकी बघून अख्ख्या जाळीचा भाव पाडतो. शेंडेअळी वांग्यात घुसली की बाहेरून मारून उपयोग नाही, म्हणून घुसायच्या आधीच मारत राहायचं. २०१७ ला यवतमाळला फवारता-फवारता माणसं गेली. औषध आधी आमच्या नाकातोंडात जातं ताई, तुमच्या ताटात नंतर येतं.

बटाटेवडा_पंचवटी · १० ऑक्टोबर, सकाळी ८.००

कालच तीन वांगी परत टाकली. काही बोलत नाही.

गच्चीवाली_इंदिरानगर · १० ऑक्टोबर, सकाळी १०.४०

मी गच्चीत पिकवते. मेथी, पालक, कोथिंबीर, मिरची निघते. चौघांचं घर त्यावर चालेल असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण लेकीपुरता पालक चार कुंड्यांत होतो. तेवढं नक्की करा.

लॅबवाली · १० ऑक्टोबर, दुपारी १.१५

निफाडकर दादांना नमस्कार, मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

फक्त एक जोडते. सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं नाही. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, गंधक सेंद्रियमध्येही चालतं. आणि जीवामृत म्हणजे दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवलेलं. जमिनीला उत्तम, पण कच्च्या खायच्या कोथिंबिरीवर त्याचे शिंतोडे असतील तर जंतूही असू शकतात. तेव्हा सेंद्रियही तितकंच धुवायचं. आणि सांडपाण्यावर पिकलेली पालेभाजी असेल तर वरून औषध न मारल्याने काही साधत नाही. पाणी कुठलं, हे विचारायला लाजू नका.

निफाडकर · १० ऑक्टोबर, रात्री ९.३०

काल रात्री बायकोशी बोललो. ती म्हणते दोन गुंठ्यांचे सहा करू, पाणी आहे. मेथी, पालक, वांगी, फ्लॉवर, टोमॅटो. दहा घरं झाली तर दर बुधवारी मी नाशिकला येतोच, गाडीत टाकीन. भाव हातगाडीपेक्षा दहा-पंधरा रुपये जास्त, दुकानाएवढा नाही. मी सेंद्रिय म्हणणार नाही, शेजारच्या प्लॉटवर फवारा चालतो तो वाऱ्यानं येतोच. औषध मारलं तर सांगून मारीन आणि त्या आठवड्यात आणणार नाही.

अट एकच. किडकं निघालं तर किडकं कापून टाकायचं, वांगं परत करायचं नाही.

गोदाकाठची · १० ऑक्टोबर, रात्री ९.३८

आमच्या सोसायटीत विचारते. माझं घर धरा.

खवचट_खान्देशी · १० ऑक्टोबर, रात्री ९.५०

माझंही धरा. पण एकदा शेत बघायला येणार, न सांगता.

निफाडकर · १० ऑक्टोबर, रात्री १०.०२

या. येताना जुने कपडे घाला.

बटाटेवडा_पंचवटी · २ जानेवारी, सायंकाळी ६.१५

धागा वर काढतो. पुढे काय झालं? झाली का दहा घरं?

गोदाकाठची · ३ जानेवारी, रात्री १०.१०

सात झाली. तीन घरांनी पहिल्याच महिन्यात सोडलं. एकीला दर आठवड्याला मेथी नको होती, एकाला भेंडी हवी होती जी थंडीत नव्हती, तिसऱ्यांनी कारणच सांगितलं नाही. खवचटराव न सांगता खरंच जाऊन आले आणि येताना दहा किलो कांदे घेऊन आले.

आमचा हिशेब असा बसला. वांगी, टोमॅटो, पालेभाजी, फ्लॉवर दादांकडून. लेकीचा पालक गच्चीतल्या चार कुंड्यांतून, गच्चीवाली ताईंच्या सल्ल्याने. कांदा, बटाटा, दुधी, लाल भोपळा, केळी, पपई, कलिंगड साधं, गाडीवरून. भेंडी आणि मिरची साधीच घेते आणि सोड्यात ठेवते. परवा सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी रस्त्यावर दिसली, ‘औषध नाही’ म्हणाला, गाव विचारलं तर नीट सांगेना. तरी एक डबा घेतला, कारण लेकीने ती हातात धरलीच होती. महिन्याला साडेचार हजार जातात. नवरा आता थेरं म्हणत नाही, कारण फ्लॉवरची भाजी त्याला आवडायला लागली आहे. मी त्यावर काही बोलत नाही.

फक्त निफाडकर दादा, काल फ्लॉवरमध्ये अळी निघाली. सासूबाईंनी ती वाटीत ठेवून शेजारच्या तिघींना बोलावून दाखवली, ‘बघा, खरंच बिनऔषधाचा आहे’ म्हणून. पुढच्या वेळी काय करू ते सांगा, कारण वाटी अजून ओट्यावर आहे.

निफाडकर · ४ जानेवारी, पहाटे ५.४०

अळी आमचीच. फ्लॉवरचे तुरे मोडून मिठाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, बऱ्याचशा वर येतात. उरलेली चिरताना दिसते.

या बुधवारी गाडी गॅरेजला आहे, गुरुवारी येईन. वांगी सहाच किलो निघतील, वाटून घ्या. द्राक्षं पुढच्या महिन्यात चालू होतील, तुमच्यासाठी रिपोर्टवाल्या प्लॉटमधली आणतो. पोरीला चिरून द्या.